गेरू देताना आधी भिंत ओळखा, मग रंग कालवा

दसऱ्याला पाऊस ओसरतो आणि वसईच्या पूर्व पट्ट्यात घरोघर एक काम निघतं: गेरू द्यायचा. ओट्याला, तुळशीवृंदावनाला, कुंड्यांना, अंगणाच्या कडेला. या पट्ट्यातल्या कामण गावाला त्याची गरज जरा जास्तच भासते. एका अंगाला तुंगारेश्वरचं जंगल आणि कामणदुर्गाचा डोंगर, तिथून चार महिने उतरणारी ओल. दुसऱ्या अंगाला चिंचोटी–भिवंडी रस्ता आणि त्यावरून रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रकांची धूळ. शेवाळ खरवडून, धूळ झाडून भिंत मोकळी केली की तिच्यावर गेरूचा एक हात फिरतो आणि घर पुन्हा सणासारखं दिसू लागतं.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका घरी मी दोन भिंती पाहिल्या. पुढची भिंत सिमेंटची, तिला पूर्वी ऑइलपेंट दिलेला. त्यावर दुकानातून आणलेला गेरू पाण्यात कालवून मारला होता. महिनाभरात त्याचे पोपडे सुटले, टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्याला लाल डाग पडू लागले. मागची भिंत जुन्या पडवीची, कारवीच्या काड्यांचा कूड, शेणामातीने लिंपलेला. तिच्यावर त्याच पुड्यातला गेरू त्याच दिवशी दिला होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो जसाच्या तसा होता. गेरू तोच, देणारे हात तेच. फरक होता तो भिंतीत.

गेरू बिघडतो तो बहुधा याच कारणाने. आपण त्याला डब्यातल्या रंगासारखं वागवतो, आणि तो असतो माती. माती मातीला धरते, चुन्याला धरते, कापडाच्या धाग्यांच्या मधे बसते. गुळगुळीत, बंद पृष्ठभागावर तिला पाय रोवायला जागाच नसते. हे एकदा ध्यानात आलं की पुढची सगळी कृती सोपी होते.

गेरू म्हणजे नेमकं काय

बारीक चिकणमाती, थोडी वाळू आणि तिला रंगवणारं लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे साध्या भाषेत गंज, एवढ्याचा मिळून गेरू होतो. लोखंडाचं जे खनिज लाल रंग देतं त्याला हेमेटाइट म्हणतात. त्याच लोखंडाशी पाणी बांधलेलं असेल तर गोएथाइट होतं आणि माती पिवळी दिसते. लाल मातीला आपण गेरू म्हणतो, कोकणात काव म्हणतात. पिवळीला पिवडी किंवा रामरज. गडद, जांभळटपणाकडे झुकणाऱ्या लालला हिरमंजी. आणि वैद्यांकडे जो मऊ, निवडक गेरू असतो तो सोनगेरू. नावं वेगळी असली तरी हे सगळं एकाच घराण्यातलं आहे.

हे लोखंड येतं कुठून? कामणदुर्गाचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, महाराष्ट्रातल्या बहुतेक सह्याद्रीचा दगड. त्यात लोह भरपूर असतं. ऊन, पाऊस आणि हवा यांनी हा दगड हजारो वर्षं झिजतो, त्यातलं बाकीचं बरंच वाहून जातं आणि लोह गंजून मागे राहतं. घाटरस्त्यांच्या कापलेल्या दरडीत काळ्या थरांच्या मधून लाल पट्टा गेलेला तुम्ही पाहिला असेल. लाव्हाचा एक थर निवला, पुढचा येईपर्यंत त्याची वरची बाजू झिजून लाल झाली, त्याची ती खूण. माथेरानची लाल धूळ आणि दक्षिण कोकणातला जांभा दगड हीसुद्धा त्याच झिजेची रूपं.

जे आधीच गंजलेलं आहे ते आणखी काय गंजणार? म्हणून गेरूचा रंग उन्हाने उडत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत चित्रं काढली गेली. त्यातला लाल आणि पिवळा मातीचाच आहे, हिरवाही हिरव्या मातीचा. दूरदेशाहून आणावा लागला तो फक्त निळा, लाजवर्दाचा. अजिंठ्यात जिथे चित्र गेलं आहे तिथे बहुतेक ठिकाणी खालचा गिलावा सुटला आहे, लाल रंग फिका पडलेला नाही. आपल्या ओट्यावरही हेच घडतं. गेरू ‘गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा गेलेली असते ती त्याची पकड.

विकत घेताना पारख

किराणा, पूजासाहित्य किंवा रंगाच्या दुकानात गेरू खड्यांचा किंवा पुडीचा मिळतो. खडे मिळाले तर खडेच घ्या, त्यात भेसळीला वाव कमी. पुडी घेतली तर घरी या चार कसोट्या लावा.

1. चिमूटभर गेरू दोन बोटांत चोळा. चांगला गेरू साबणासारखा मऊ लागतो आणि बोटांच्या रेषांत बसतो. कचकच लागली तर वाळू जास्त आहे. असा गेरू टाकायचा नाही, फक्त नीट गाळून घ्यायचा.

2. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर गेरू ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी माती तळाशी आणि वर नितळ पाणी दिसलं पाहिजे. वरचं पाणी गुलाबी किंवा केशरी राहिलं तर त्यात विरघळणारा कृत्रिम रंग घातला आहे. तो उन्हाने उडेल आणि कपड्यांना लागेल.

3. थोड्या कोरड्या गेरूवर लिंबाचा रस पिळा. फसफस झाली तर त्यात खडू किंवा चुनखडीची पूड आहे. थोडी असेल तर बिघडत नाही. खूप फेस आला तर रंग वाळल्यावर फिका पडेल.

4. रंग भडक नारिंगी आणि पुडी हाताला अपेक्षेपेक्षा जड लागली तर ती वापरू नका. पारंपरिक शेंदूर हे शिशाचं संयुग आहे आणि ते विषारी आहे. शेंदूर आणि गेरू एकाच दुकानात शेजारीशेजारी असतात. उजळ दिसावा म्हणून गेरूत शेंदूर मिसळायचा मोह कधीही करू नये.

आपल्याच शेतातली किंवा विहिरीच्या खोदकामातली लाल माती वापरायची असेल तर पहिल्या दोन कसोट्या तिलाही लावा. मात्र जंगलातून माती उचलून आणू नका. तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे आणि तिथली माती परवानगीशिवाय नेता येत नाही. शिवाय डोंगरउतारावरची लाल माती झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. चार घमेली नेली की पुढच्या पावसात ती जागा घळीसारखी वाहायला लागते.

गाळणं आणि निवळणं

गेरू वापरण्याआधी हे काम न चुकता करा. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो आणि नेमकं हेच टाळलं जातं.

एक किलो गेरूला एक बादली पुरते. खडे असतील तर फोडून घ्या. गेरू बुडून वर चार बोटं राहील एवढं पाणी घालून रात्रभर भिजू द्या. सकाळी बादली पाण्याने भरा, हाताने तळापासून ढवळा आणि हात बाहेर काढून सावकाश साठपर्यंत मोजा. एवढ्या वेळात वाळू आणि खडे तळाशी बसतात, रंगाची बारीक माती पाण्यात तरंगत असते. आता वरचं लाल पाणी जुन्या सुती धोतराच्या किंवा ओढणीच्या फडक्यातून दुसऱ्या बादलीत ओता. तळाचा रवाळ गाळ मागे राहू द्या. त्यात पुन्हा पाणी घालून आणखी एकदा तेच करा.

दुसरी बादली झाकून एक दिवस हलवू नका. वर नितळ पाणी येतं, ते हलक्या हाताने ओतून टाका. खाली लोण्यासारखा जो थर उरतो, तो तुमचा खरा गेरू. लगेच वापरायचा तर तसाच घ्या. ठेवायचा असेल तर ताटात पसरून सावलीत वाळवा, सुकत आला की वड्या पाडा आणि डब्यात भरा. या वड्या वर्षानुवर्षं टिकतात. मातीला मुदत नसते. मागे उरलेला रवाळ गाळ फेकू नका, लिंपणाच्या मातीत तो उत्तम चालतो.

पिवळ्यातून लाल: तव्यावरचा प्रयोग

घरात शाळकरी मुलं असतील तर हा प्रयोग त्यांच्यासमोर जरूर करा. पुन्हा स्वयंपाकात वापरायचा नाही असा लोखंडी तवा घ्या. त्यावर दोन चमचे कोरडी पिवडी पातळ पसरा आणि अंगणातल्या चुलीवर किंवा शेगडीवर मोठ्या आचेवर ठेवा. उलथण्याने हलवत राहा. आधी वाफ दिसेल, मग पिवळा तपकिरी होईल, मग विटकरी, आणि पंधरा-वीस मिनिटांत तव्यावर गेरू असेल. साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसच्या आसपास पिवळ्या खनिजातलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि मागे लाल खनिज उरतं. कुंभाराच्या भट्टीत मडकं लाल होतं तेही मातीतल्या लोखंडामुळेच.

यात हाताशी येणारी सोयही आहे. दर पाच मिनिटांनी तव्यावरून चमचाभर काढत गेलात तर एकाच मातीच्या चार-पाच छटा मिळतात. चित्र काढणाऱ्याला एवढ्या छटा पुरतात, आणि त्या एकाच मातीतल्या असल्यामुळे एकमेकींशी आपोआप जुळतात.

बांध कोणता घालायचा

नुसत्या पाण्यातला गेरू वाळला की पुन्हा धूळ होतो. त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. त्याला इथे बांध म्हणू. माणसाला हे फार आधी उमगलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचे शिंपले सापडले. त्यांत गेरूची पूड, कोळसा आणि हाडं एकत्र कालवलेली होती, आणि हाडांतली चरबी बांध म्हणून घातली असावी असा संशोधकांचा कयास आहे. आपल्याकडचे बांध असे:

खळ. तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाची पातळ पेज. मातीच्या भिंतीला आणि आतल्या बाजूला उत्तम. पावसाळ्यात तिला बुरशी येते, म्हणून शिजवताना चिमूटभर तुरटी टाकावी. रोज ताजी करावी.

डिंक. बाभळीचा डिंक तिप्पट पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. कागदासाठी आणि लहान चित्रांसाठी हाच बरा.

फेविकॉल. वारली चित्रकार आज कापडावरच्या कामासाठी तो सर्रास वापरतात. चार भाग पाण्यात एक भाग पुरे. जास्त झाला तर गेरूला प्लास्टिकसारखी चमक येते आणि मातीचा मऊपणा हरवतो.

चुना. बाहेरच्या भिंतीसाठी. यात चुनाच बांधाचं काम करतो.

बांध बरोबर पडला की नाही हे कळायला एकच चाचणी पुरते. हाताएवढ्या जागेत रंग देऊन पूर्ण वाळू द्या, मग कोरडं बोट घासा. बोट लाल झालं तर बांध कमी आहे. रंग चकाकला किंवा त्याला बारीक भेगा पडल्या तर जास्त झाला. बोट स्वच्छ आणि रंग मंद, म्हणजे जमलं. ओला गेरू गडद दिसतो आणि वाळल्यावर उजळतो, तेव्हा छटाही याच वाळलेल्या पट्टीवर ठरवा.

भिंतीप्रमाणे कृती

आधी भिंतीवर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर भिंत गेरू घेईल. मोत्यासारखा राहिला किंवा ओघळला तर घेणार नाही.

कुडाची किंवा मातीची भिंत: भेगा शेणमातीने बुजवा, वाळू द्या, मग भिंतीवर पाणी शिंपडून ती ओलसर करा. एक वाटी गाळलेला गेरू, दोन वाट्या पाणी, पाव वाटी खळ हे सुरुवातीचं प्रमाण. फडक्याने किंवा काथ्याच्या कुंचल्याने पातळ हात द्या. पहिला वाळल्यावर दुसरा. एकच जाड थर दिलात तर तो भेगाळतो.

चुन्याची भिंत: चुना आणि गेरू यांचं फार जुनं सख्य आहे, कारण चुन्याच्या तीव्रतेने लोखंडाचा रंग बिघडत नाही. दक्षिण कोकण, गोवा आणि कारवारच्या देवळांतली काव कला यावरच उभी आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा लाल थर द्यायचा, तो घोटायचा आणि टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. घरच्या कामासाठी मुरवलेला चुना दुधाएवढा पातळ करा आणि त्यात गेरू चुन्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घालू नका. गेरू वाढला की चुन्याची पकड सुटते. भिंत ओली करून पातळ हात द्या, मधे एक दिवस सोडा. चुन्यातला गेरू वाळल्यावर गुलाबी-विटकरी दिसतो. गडद लाल हवा असेल तर तो चुन्यातून मिळणार नाही, त्यासाठी आडोशाची जागा आणि खळीचा बांध घ्यावा लागेल.

सिमेंटची भिंत: नवा गिलावा असेल तर निदान महिनाभर थांबा. खार फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुऊ नका. आधी साध्या चुन्याचे दोन हात द्या, मग चुन्यातला गेरू. चुन्याचा हा मधला थर गेरूला धरायला खरबरीत जागा देतो.

ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट दिलेली भिंत: तिच्यावर थेट गेरू देऊ नका. खरवडून गिलावा उघडा करता आला तर करा. नाहीतर त्या भिंतीला सोडून द्या आणि गेरूचं चित्र कापडावर काढून तिच्यावर टांगा. त्यात कमीपणा काही नाही.

कापड आणि कागद: मांजरपाट किंवा जुनी सुती चादर गरम पाण्यात धुऊन तिची गिरणीची खळ काढा. ताणून बसवा, फेविकॉलच्या पाण्यात कालवलेल्या गेरूचे दोन पातळ हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. अंगावरच्या कपड्याला मात्र हा रंग पक्का बसत नाही. गेरू धाग्यांच्या मधे बसतो, धाग्यात मुरत नाही, म्हणून दर धुण्याला थोडा उतरतो. गेरूत भिजवलेली छाटी आणि पताका पुन्हा पुन्हा रंगवाव्या लागतात त्या यामुळेच.

लाल भिंतीवर पांढरी रेघ

कामणच्या आसपासच्या पाड्यांवर आणि पुढे डहाणू–तलासरीपर्यंत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात, ते वारली चित्र. पांढरा रंग करायचा तर मूठभर तांदूळ चार तास भिजवून गंधासारखे बारीक वाटा, पाण्याने सैल करा, थोडा डिंक घाला. काडी बांबूची घ्या आणि तिचं टोक ठेचून किंवा चावून तंतू मोकळे करा. ती बुडवून रेघ ओढलीत की पहिल्या क्षणी काहीच दिसत नाही, ओलं पीठ पारदर्शक असतं. मिनिटाभराने पाणी सुकतं आणि रेघ हळूहळू पांढरी उमटते. नवशिका माणूस इथे घाबरून त्याच रेघेवर पुन्हा काडी फिरवतो आणि ती जाड होते. थांबायला शिका, आणि त्याआधी गेरू पुरता वाळू द्या.

हे चित्र घराच्या सजावटीआधी लग्नाचं चित्र आहे. लग्नघरात सवासिनी चौक काढतात, चौकात पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि त्यानंतरच लग्न लागतं. म्हणून लग्नाचा चौक आणि त्यातली देवी दुकानाच्या पाटीवर किंवा जिन्याच्या भिंतीवर शोभेसाठी काढू नये. नाच, शेत, झाडं, पाखरं, ताडी काढणारा माणूस असे कितीतरी विषय मोकळे आहेत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला कागदावर आली. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. सोसायटीची किंवा शाळेची भिंत रंगवायची असेल तर जवळच्या पाड्यावरच्या चित्रकाराला बोलवा, त्याचा मेहनताना आधी ठरवा आणि भिंतीच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहायला जागा ठेवा.

अंगण, वृंदावन, कुंड्या, झाडं

दारात गेरूचा चौकोन देऊन त्यावर रांगोळी काढायची असेल तर जमीन आधी पाहा. शेणाने सारवलेली किंवा साध्या कोब्याची जमीन गेरू नीट घेते. फरशीच्या सांध्यांत आणि खरबरीत कडाप्प्यात तो शिरला की महिनोन्महिने निघत नाही. भाड्याचं घर असेल तर लाकडी पाटावर किंवा जाड पुठ्ठ्यावर गेरू देऊन तो पाट दारात ठेवा.

वृंदावनाला पाणी रोज लागतं, तिथे नुसता गेरू टिकणार नाही. चुन्यातला गेरू द्या आणि दर दिवाळीला एक हात पुन्हा फिरवा. तुळशीच्या लग्नाआधी हे काम ओघाने होतंच. मातीच्या कुंड्यांना बाहेरून गेरू-खळीचा हात द्या, आतून काही देऊ नका. मातीची कुंडी श्वास घेते म्हणून मुळं निरोगी राहतात. ऑइलपेंटने ती वाट बंद होते.

झाडांच्या बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे देतात तेव्हा नुसतं पाणी आणि थोडी खळ वापरा. तेलाचा रंग सालीला अजिबात लावू नये. डाळिंब-आंब्याच्या बागेत खोडकिड्यासाठी गेरूच्या लेपात औषधं मिसळतात. ती कोणती आणि किती हे कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच ठरवा.

सांभाळायच्या गोष्टी

कोरडा गेरू चाळताना, कुटताना तोंडाला ओला रुमाल बांधा. त्यातल्या बारीक वाळूची धूळ फुप्फुसाला वाईट. चुना कालवताना डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच, आणि मुलांना लांब ठेवा. चुन्याच्या कळ्या पाण्यात टाकल्या की त्या उकळ्या फुटून उडतात. गेरूचे डाग पडलेले कपडे आधी वाळू द्या, झटका आणि मगच धुवा. ओले असताना चोळलेत तर माती धाग्यात जाते. डोहाळ्यांत गेरू खाण्याची ओढ काही बायकांना लागते. दुकानातला गेरू खाण्यासाठी नसतो, त्यात काय मिसळलं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. अशी ओढ लागली तर रक्तातलं लोह तपासून घ्या आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या.

दरवर्षीचा हात

‘एकदा दिला की दहा वर्षं बघायला नको’ अशा रंगाच्या शोधात असाल तर गेरू तुमच्यासाठी नाही. त्याचा टिकाऊपणा वेगळ्या जातीचा आहे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या पडवीच्या भिंतीचं पुढे काय झालं, ते सांगतो. दोन पावसाळ्यांनी तिचं खालचं हातभर लिंपण सुटलं. घरातल्या आजींनी ते खरवडून घमेल्यात टाकलं, रात्रभर भिजत घातलं, सकाळी त्यात थोडं शेण आणि मूठभर नवा गेरू घातला आणि तेच परत भिंतीला लावलं. नवीन माती त्यांना आणावी लागली नाही, जुना कचरा कुठे टाकावा लागला नाही. दुपारपर्यंत भिंत वाळली. पुढच्या ऑइलपेंटच्या भिंतीचे पोपडे मात्र प्लास्टिकच्या पिशवीत भरून रस्त्याकडेला गेले होते.

तेव्हा यंदा गेरू गाळाल तेव्हा दोन वड्या जास्तीच्या पाडा आणि डब्यात ठेवून द्या. पुढच्या दसऱ्याला भिंतीवरून जेवढं खरवडेल तेवढंही त्यात भिजवा. दर वर्षी हा हात फिरवताना तुम्हाला तुमची भिंत कुठे ओलावते, कुठे उकलते, कुठे धरून आहे हे बोटांनी कळत जाईल. घराची एवढी नीट तपासणी दुसरा कुठलाच रंग आपल्याकडून करून घेत नाही.